स्ट्रोकचा धोका सांगणारे कॅल्क्युलेटर: समाजाचा रकाना बदलून बघितला

तर "पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका यायची शक्यता इतके टक्के" असं सांगणारे कॅल्क्युलेटर आता ढिगाने झालेत, फुकट आहेत, डॉक्टर लोक वापरतात आणि आपल्यासारखे लोक पण रात्री झोप येत नाही म्हणून मोबाईलवर उघडून बसतात. मला यातलं एक कळत नव्हतं, की यातले काही "तुमचा वंश कुठला, समाज कुठला" असं विचारतात ते नेमकं कशासाठी. म्हणून तेच वय, तेच बीपी, तेच कोलेस्टेरॉल ठेवून फक्त तो एक रकाना बदलत बसलो, आणि जे चार्टवाले आहेत त्यात देशाचा चार्ट बदलून बघितला. हे कॅल्क्युलेटरचं परीक्षण आहे, डॉक्टरचा सल्ला नाही. आणि हो, ज्यांना एकदा स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय त्यांच्यासाठी यातले बहुतेक कॅल्क्युलेटर नाहीतच, त्यांचा धोका आधीच जास्त धरलेला असतो, त्यांनी इथे आकडे टाकून उगाच खूश किंवा नाराज होऊ नये.

सगळ्यात जुना म्हणजे फ्रेमिंगहॅम स्ट्रोक प्रोफाईल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं फ्रेमिंगहॅम हे गाव, तिथल्या ५,२०९ लोकांवर १९४८ पासून वर्षानुवर्षं नजर ठेवली आणि त्यातून १९९१ मध्ये हा स्ट्रोकचा हिशोब निघाला. वय, वरचं बीपी, बीपीची गोळी चालू आहे का, शुगर, सिगरेट, आधीचा हृदयाचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडणं, आणि ईसीजीत दिसणारी हृदयाच्या डाव्या कप्प्याची जाडी, बस एवढंच विचारतो. इतका जुना असूनही प्रश्न अजून बरोबर आहेत हे मानायला पाहिजे. यात समाजाचा रकाना नाही, पण त्यामागे काही मोठा विचार वगैरे नाही हो, त्या अभ्यासातले जवळजवळ सगळे लोक गोरेच होते, मग विचारणार कुणाला. त्यामुळे बाकी कुणी वापरला तर त्याला मिळणारा आकडा हा "तुम्ही फ्रेमिंगहॅमचे गोरे असता तर" असा असतो आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. आज वापरायला पाहिजे असं नाही, माहिती म्हणून ठीक.

खरी गंमत पुढे आहे. ब्रिटनचा क्यूरिस्क-३ आणि अमेरिकेचा पूल्ड कोहोर्ट इक्वेशन्स हे दोन शेजारी शेजारी उघडून बघा.

क्यूरिस्क तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या कॉम्प्युटरमधल्या लाखो नोंदींवरून बनवलाय, २००८ च्या क्यूरिस्क-२ मध्ये वंशाचा रकाना आला आणि आत्ताचा क्यूरिस्क-३ हा २०१७ चा. २५ ते ८४ वयापर्यंत चालतो. यादी बऱ्यापैकी लांब आहे, गोरे, भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, इतर आशियाई, कॅरिबियन कृष्णवर्णीय, आफ्रिकन कृष्णवर्णीय, चिनी आणि इतर. आई एका समाजाची आणि वडील दुसऱ्या समाजाचे असतील तर काय निवडायचं हे कुणी सांगत नाही, "इतर" मध्ये जाऊन बसायचं. आता पुरुषाचं सगळं तेच ठेवून गोरा च्या जागी भारतीय केलं की धोका साधारण १.३ पट होतो, पाकिस्तानी केलं तर १.६ पट. आणि आफ्रिकन कृष्णवर्णीय केलं की आकडा खाली येतो, जवळजवळ दोन तृतीयांश. चिनी केलं तरी तसंच.

आता इथे थांबा. लंडनच्या दक्षिण भागात १९९५ पासून साउथ लंडन स्ट्रोक रजिस्टर चालू आहे, लॅम्बेथ आणि सदर्क भागातल्या स्ट्रोकची नोंद तिथे ठेवतात, आणि ते सांगतं की कृष्णवर्णीय लोकांना गोऱ्यांपेक्षा स्ट्रोक जास्त येतो आणि साधारण दशकभर आधी येतो. मग त्याच देशातला कॅल्क्युलेटर त्यांचा आकडा कमी कसा काय दाखवतो? मला पहिल्यांदा वाटलं कुठेतरी बटण चुकतंय. चुकत नाहीये. क्यूरिस्क जे मोजतो ते हार्ट अटॅक आणि स्ट्रोक दोन्ही एकत्र. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय लोकांना हृदयाच्या नळ्या तुंबायचा आजार गोऱ्यांपेक्षा कमी होतो, आणि बेरजेत हृदयाचा वाटा मोठा असल्यामुळे एकूण आकडा खाली येतो, स्ट्रोकचा भाग त्यात बुडून जातो. म्हणजे माणूस आकडा बघून निवांत होणार आणि ज्याची भीती बाळगायला पाहिजे तीच गोष्ट त्या आकड्यात लपलेली. भारतीय, पाकिस्तानी लोकांचं उलटं, त्यांचा वाढलेला आकडा बराचसा हृदयामुळे, त्यात स्ट्रोक किती ते वेगळं कळत नाही. क्यूरिस्कच्याच टीमने २०१३ मध्ये फक्त स्ट्रोकसाठी क्यूस्ट्रोक नावाचा वेगळा हिशोब काढला होता, पण लोक उघडतात तो क्यूरिस्कच. कॅल्क्युलेटर म्हणून क्यूरिस्क-३ अतिशय नीट बनवलेला आहे, मायग्रेन, किडनीचा जुनाट आजार, स्टिरॉइडच्या गोळ्या, गंभीर मानसिक आजार, बीपी किती वरखाली होतं हे सगळं विचारतो जे बाकीचे विचारत नाहीत, पण तुमचा प्रश्न स्ट्रोकचा असेल तर मी ५ पैकी ३ देईन, जास्त नाही.

आता अमेरिकेचा पूल्ड कोहोर्ट इक्वेशन्स, २०१३ चा. हा पण हार्ट अटॅक आणि स्ट्रोक एकत्रच मोजतो. पण इथे कृष्णवर्णीय केलं की आकडा सहसा वर जातो! त्यांनीच नमुन्याला दिलेलं उदाहरण आहे, वय ५५, एकूण कोलेस्टेरॉल २१३, चांगलं कोलेस्टेरॉल ५०, गोळीशिवाय वरचं बीपी १२०, सिगरेट नाही शुगर नाही, तर गोऱ्या बाईला २.१ टक्के आणि कृष्णवर्णीय बाईला ३ टक्के, गोऱ्या पुरुषाला ५.३ आणि कृष्णवर्णीय पुरुषाला ६.१. म्हणजे एकाच रंगाचा माणूस अटलांटिकच्या एका काठाला जास्त धोक्याचा आणि दुसऱ्या काठाला कमी धोक्याचा. रक्तात काही असतं तर असं झालं नसतं ना. आणि या कॅल्क्युलेटरमध्ये पर्याय दोनच, गोरे आणि कृष्णवर्णीय, बाकी सगळ्या जगाने गोऱ्यांचा हिशोब वापरायचा. दक्षिण आशियाई लोकांच्या बाबतीत त्याने आकडा कमी निघतो, म्हणून अमेरिकेतल्या कोलेस्टेरॉलच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये "दक्षिण आशियाई असणं" ही धोका वाढवणारी गोष्ट म्हणून वेगळी लिहावी लागली, म्हणजे डॉक्टरने आकडा बघायचा आणि मनातल्या मनात थोडा वाढवायचा. हे काय कॅल्क्युलेटर झालं का. ५ पैकी २.

मग तो रकाना नेमकं काय मोजतो? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला अमेरिकेतल्या रीगार्ड्स नावाच्या अभ्यासात सापडलं. २००३ ते २००७ मध्ये ४५ च्या वरचे ३०,२३९ लोक घेतले, कृष्णवर्णीय आणि गोरे दोन्ही, आणि मुद्दाम त्या आग्नेय राज्यांतले जास्त घेतले ज्यांना स्ट्रोक बेल्ट म्हणतात कारण तिथे स्ट्रोकने मरणारे बाकी देशापेक्षा जास्त, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्याकडचा भाग त्यातही वाईट, त्याला पट्ट्याचं बक्कल म्हणतात. तिथल्या गोऱ्यांनाही इतर ठिकाणच्या गोऱ्यांपेक्षा जास्त धोका, म्हणजे नुसता रंग धरून चालत नाही, कुठे राहता ते पण आलं. तर रीगार्ड्समध्ये असं निघालं की कृष्णवर्णीयांच्या जास्तीच्या धोक्यातला साधारण अर्धा भाग हा नेहमीच्या गोष्टींनी, मुख्यतः बीपीने, आणि शिक्षण आणि कमाईने समजावता येतो. उरलेला अर्धा नाही. आणि एक आकडा तर मी दोनदा वाचला, वरचं बीपी १० ने वाढलं तर गोऱ्यांचा स्ट्रोकचा धोका ८ टक्के वाढतो आणि कृष्णवर्णीयांचा २४ टक्के. तेच १० पॉइंट, तिप्पट परिणाम. आता याचं कारण जास्त वर्षं बीपी वाढलेलं असणं, कंट्रोलमध्ये नसणं, सततचा ताण, वेळेवर डॉक्टर न मिळणं, काय काय असू शकतं, पण कॅल्क्युलेटरला एकदाच घेतलेलं रीडिंग दिसतं, मागची वीस वर्षं दिसत नाहीत, आणि समाजाचा रकाना त्या न विचारलेल्या वीस वर्षांच्या जागी बसलेला असतो असं माझं मत झालंय.

हे ओळखूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिव्हेंट नावाचा नवीन कॅल्क्युलेटर काढला आणि त्यातून वंशाचा रकाना सरळ काढून टाकला. ६० लाखांच्या वर लोकांचा डेटा, वय ३० ते ७९, किडनी किती काम करते तो आकडा द्यावाच लागतो, पाहिजे तर तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि लघवीतलं प्रोटीन देता येतं, आणि पाहिजे तर राहत्या भागाचा पिनकोड, त्यावरून वस्ती किती गरीब ते ठरतं. मला ही कल्पना आवडली, निदान जे मोजायचंय ते उघड नाव घेऊन तरी मोजताय. ५९ पर्यंतच्या लोकांना ३० वर्षांचा धोका पण दाखवतो, हे तर फारच गरजेचं होतं, कारण पस्तिशीच्या माणसाचा दहा वर्षांचा धोका नेहमी चिमूटभरच येणार आणि तो म्हणणार चला आपलं काही नाही. तक्रार एवढीच की पिनकोड फक्त अमेरिकेचा चालतो, बाकी जगाने रिकामा सोडायचा, आणि याचे आकडे जुन्या कॅल्क्युलेटरपेक्षा बरेच कमी येतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलची गोळी ज्यांना सांगितली असती असे लाखो लोक या हिशोबात बसत नाहीत, त्यावर डॉक्टर लोकांत अजून वाद चालू आहेत. एक समजून घ्या, रकाना काढला म्हणून फरक गेला असं होत नाही, फरक लोकांच्या आयुष्यात आहे तसाच आहे. तरी ५ पैकी ४.

डब्ल्यूएचओचे चार्ट हे ऍप नाही, रंगीत चौकोनांचे तक्ते आहेत, २०१९ चे. जग २१ विभागांत वाटलंय आणि प्रत्येक विभागाचा तक्ता वेगळा, हिरवा म्हणजे ५ टक्क्यांच्या आत, मग पिवळा, नारिंगी, लाल, आणि गडद लाल म्हणजे ३० च्या वर. यातली चांगली गोष्ट अशी की एक तक्ता रक्त तपासणीशिवाय चालतो, वय, बाई की पुरुष, सिगरेट, वरचं बीपी आणि वजन-उंचीवरून काढलेला बीएमआय, झालं. जिथे लॅब नाही तिथे हा सोन्यासारखा आहे. पण एक भोक आहे आणि ते दक्षिण आशियाई लोकांसाठी मोठं आहे. बिन-रक्ताच्या तक्त्यात शुगर नाही, फक्त बीएमआय आहे, आणि आपल्याकडच्या लोकांना अंगाने बारीक असूनही पोटावर चरबी आणि लवकर डायबेटिस हा प्रकार सर्रास. डब्ल्यूएचओच्याच तज्ज्ञांनी २००४ मध्ये सांगितलं होतं की आशियाई लोकांसाठी २५ ची वाट न बघता बीएमआय २३ पासूनच लक्ष द्या. तर असा बारीक, शुगरवाला माणूस या तक्त्यात हिरव्यात बसू शकतो. शुगर असेल तर रक्तवालाच तक्ता घ्या. दुसरं म्हणजे परदेशात जाऊन स्थायिक झालेल्याने जन्माच्या देशाचा तक्ता बघायचा की राहत्या देशाचा? दोन्ही बघितले तर दोन रंग येतात. मी तरी जो वाईट येतो तो धरतो.

शेवटचा स्ट्रोक रिस्कोमीटर, न्यूझीलंडच्या ऑकलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने २०१४ मध्ये आणलेलं ऍप, आणि या सगळ्यात हाच एक असा की जो मुद्दाम स्ट्रोकसाठीच बनवलाय आणि आजही सहज मिळतो. प्रश्न जास्त, घरात कुणाला स्ट्रोक झाला होता का, ताण, दारू, चालणंफिरणं, कंबरेचा घेर, डोक्याला मार लागला होता का, विसरायला होतं का. पाच वर्षांचा आणि दहा वर्षांचा धोका देतो. आणि तुमच्याच वयाच्या, काहीही त्रास नसलेल्या माणसापेक्षा तुमचा धोका किती पट आहे ते पण सांगतो, माझ्या मते हा आकडा टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त कळतो. ४ टक्के म्हटलं की माणूस हसतो, चौपट म्हटलं की खुर्चीत सरळ बसतो. वंश हा पण विचारतो, पण गोरे की बिगरगोरे एवढाच तो हिशोब, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी, तमिळ, जपानी आणि नायजेरियन सगळे एकाच पोत्यात. ज्या ऑकलंडमध्ये हे ऍप बनलं तिथलाच २०११-१२ चा अभ्यास सांगतो की स्ट्रोक येण्याचं सरासरी वय युरोपीय वंशाच्या लोकांत ७५, माओरींमध्ये ६० आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत ६२. पंधरा वर्षांचा फरक! ते लोक अजून कामावर जात असतात, घर त्यांच्यावर चालतं. तरी एकूणात पाचपैकी साडेतीन-चार, वापरायला सोपं आहे आणि ज्या गोष्टी बदलता येतात त्या दाखवतं.

आणि त्या बदलता येणाऱ्या गोष्टींबद्दल एक दिलासा. इंटरस्ट्रोक नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये ३२ देशांचे निकाल आले, जवळजवळ २७ हजार लोक, आणि निघालं काय तर दहा गोष्टी, बीपी, हालचाल कमी, कोलेस्टेरॉलचं प्रमाण, खाणं, पोटाचा घेर, मानसिक ताण, सिगरेट, हृदयाचे आजार, दारू आणि शुगर, या मिळून जगातल्या ९० टक्के स्ट्रोकचा हिशोब लागतो, आणि जगाच्या प्रत्येक भागात यादी तीच. क्रम बदलतो, वजन बदलतं, यादी नाही बदलत. एकट्या बीपीकडे जवळजवळ अर्धा हिशोब. खरं जन्मजात म्हणावं असं फार थोडं आहे. सिकल सेल हे एक, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आजार, त्या आजाराच्या गंभीर प्रकारात वीस वर्षांचं होईपर्यंत साधारण ११ टक्के मुलांना स्ट्रोक येतो, मुलांना! आणि यातला एकही कॅल्क्युलेटर त्या मुलांसाठी नाही. त्यांच्यासाठी डोक्याची डॉपलर तपासणी असते, म्हणजे रक्तवाहिन्यांत रक्त किती वेगाने वाहतं ते बघणारी सोनोग्राफी, आणि १९९८ मध्येच सिद्ध झालंय की ज्यांची डॉपलर खराब येते त्यांना नियमित रक्त चढवलं तर पहिला स्ट्रोक जवळजवळ ९० टक्क्यांनी टळतो. ज्या समाजात सिकल सेल आहे तिथे कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून ही तपासणी विचारा.

अजून एक गोष्ट जी सगळेच गिळून टाकतात. स्ट्रोक म्हणजे एकच आजार नाही, जगात साधारण ६२ टक्के गुठळी अडकून होतात, २८ टक्के मेंदूच्या आत रक्तस्राव होऊन आणि १० टक्के मेंदूच्या वरच्या आवरणात रक्तस्राव होऊन. पूर्व आशियात रक्तस्रावाचा वाटा जास्त. गुठळीवाल्यांत पण गोऱ्या लोकांत मानेतली रक्तवाहिनी जास्त खराब होते, आणि आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांत डोक्याच्या आतल्या रक्तवाहिन्या अरुंद होणं जास्त दिसतं, त्यामुळे फक्त मानेची डॉपलर नॉर्मल आली म्हणून सुटलो असं नाही. कॅल्क्युलेटर गुठळी की रक्तस्राव काहीच सांगत नाही, एक आकडा देतो आणि गप्प.

बीपीबद्दल बोलल्याशिवाय हे परीक्षण अर्धवट राहील, कारण सगळ्यांची मदार त्याच एका आकड्यावर. जिना चढून आल्या आल्या मोजलेलं बीपी टाकलं तर जगातला सगळ्यात भारी कॅल्क्युलेटर पण कचराच देणार. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, दोन तीनदा मोजा. आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा आहे का बघा, कुणी बघतच नाही! २०२३ मध्ये एक चाचणी आली, त्यात ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा लावला तर वरचं बीपी जवळजवळ २० ने जास्त दिसलं, आणि बारीक दंडाच्या लोकांना नेहमीचा पट्टा लावला तर ३ ते ४ ने कमी. म्हणजे अंगाने बारीक लोकांत बीपी कमीच दिसत राहणार आणि कॅल्क्युलेटर हिरवा दिवा दाखवत राहणार. मनगटावरचं मशीन यासाठी नको, दंडावरचंच घ्या.

आता माझी सगळ्यांवर एकत्र तक्रार. हे सगळे "झटका येईल का" एवढंच सांगतात, आल्यावर काय होईल त्याबद्दल चकार शब्द नाही. आणि समाजासमाजातला फरक तिथे वेगळ्याच दिशेने जातो. त्या लंडनच्या रजिस्टरने २००५ मध्ये दाखवलं की कृष्णवर्णीय रुग्ण स्ट्रोकनंतर गोऱ्यांपेक्षा जास्त जगतात. ऐकायला छान. पण ज्याला तरुण वयात झटका येतो तो अपंगत्व घेऊन जास्त वर्षं जगणार हे पण त्यात आलंच. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक स्ट्रोकने जास्त मरतात, पण रीगार्ड्सने बघितलं तर मुख्य कारण झटका आल्यावर जास्त मरतात हे नाही, मुळात झटकेच जास्त येतात. टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीमध्ये मेक्सिकन वंशाचे लोक आणि गोरे यांचा वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे, तिथे मेक्सिकन वंशाचे लोक तीन महिन्यांनी रोजची कामं करायच्या बाबतीत मागे राहतात. म्हणजे येणं, मरणं आणि नंतर कसं जगणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका समाजाचं तिन्हीत वाईट असेल असं काही नाही.

आणि यातल्या शेवटच्या दोन गोष्टी बऱ्याचशा दवाखान्यावर ठरतात. इंटरस्ट्रोकच्याच डेटावर २०१८ मध्ये निघालं की गरीब देशांत स्ट्रोकनंतरचा निकाल वाईट, पण जिथे स्ट्रोक युनिट म्हणजे स्ट्रोकसाठी वेगळा वॉर्ड आणि टीम आहे तिथे जगायची शक्यता वाढते, देश गरीब असो की श्रीमंत. घरचेच व्यायाम करून घेतील असं आपण सहज बोलतो ना, भारतात २०१७ मध्ये १४ हॉस्पिटलांत साडेबाराशे रुग्णांवर अटेंड नावाची चाचणी झाली, नातेवाईकांना शिकवून घरी पुनर्वसन करायचं, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फायदा दिसला नाही. नातेवाईक कमी पडले असं मी म्हणणार नाही, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचं काम नुसत्या मायेने होत नाही एवढंच.

आयुष्यभराचा धोका बघितला तर हे अजून विचित्र दिसतं. २०१८ मध्ये आलेल्या हिशोबात २५ च्या वरच्या माणसाला उरलेल्या आयुष्यात स्ट्रोक यायची शक्यता जगात साधारण २५ टक्के, पूर्व आशियात जवळजवळ ३९ टक्के आणि पूर्व आफ्रिकेत १२ च्या आसपास. वाटेल पूर्व आफ्रिका भाग्यवान. तसं नाही, तिथे बरेच लोक स्ट्रोकचं वय येण्याआधी दुसऱ्या कशाने तरी जातात. कमी टक्के म्हणजे चांगली तब्येत हे समीकरण इथे कोसळतं, आणि दहा वर्षांच्या कॅल्क्युलेटरलाही हीच अडचण थोड्या प्रमाणात असते.

तर मी फोनमध्ये काय ठेवलं? रिस्कोमीटर ठेवलंय आणि प्रिव्हेंटची लिंक, बाकी काढून टाकले, समाजाचा रकाना जिथे आहे तिथे दोन्ही बाजूंचा आकडा बघतो आणि फरक किती येतो त्यावरून कळतं की हा कॅल्क्युलेटर किती अंदाजपंचे चाललाय. सत्तरीच्या पुढच्यांनी फार वेळ घालवू नये, वय एकटंच आकडा वर नेतं, बीपी आणि ठोके तपासून घ्या आणि झालं.

या ऍपवाल्यांना एक नवीन प्रश्न घालायला सांगायचा असता तर मी हा सांगितला असता, की तुमच्यापासून सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन रात्री पण मिळणारं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे. ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, काही निवडक लोकांची गुठळी तारेने काढता येते ती २४ तासांपर्यंत, आणि मोठी गुठळी असेल तर मिनिटाला साधारण १९ लाख मज्जापेशी मरत असतात. हे कॅल्क्युलेटर विचारत नाहीत म्हणून स्वतःच शोधून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये नंबर टाकून ठेवा. आणि तिथे गेल्यावर डॉक्टर पहिलं विचारतात ते रुग्ण पडलेला कधी सापडला हे नाही, शेवटचा एकदम नॉर्मल कधी होता हे विचारतात, साडेचार तास तिथून मोजतात, रात्री दहाला नीट बोलून झोपला आणि सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं तर घड्याळ दहापासून चालू. झोपेतून तसाच उठलेल्यांसाठी काही ठिकाणी एमआरआय बघून निर्णय घेतात, पण ती वेळ तुम्हाला नक्की सांगता आली पाहिजे.